खालची पायरी

आमच्या सरांना लग्नाला बोलावू नये हे गोरेगावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे बोलवायचे. मंगलाष्टकं सुरू झाली की लोक अक्षता टाकतात. सर टाकायचे नाहीत. तळहातावर अक्षता पसरून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक दाणा नखानं बाजूला करत बसायचे. ‘हा दोनास एक. हा अडीचला एक. आणि हा... अरे वा, हा पाहा, तीनाला पोचला!’ तोवर तिकडे हार पडून वाजंत्री थांबलेली असायची आणि सर शेजाऱ्याचा दंड धरून त्याला हळद लागलेला एक तांदूळ दाखवत असायचे. एकदा तो शेजारी नवरीचा सख्खा मामा होता आणि अंतरपाटाजवळ त्याच्या नावानं हाका चालल्या होत्या.

दोनास एक म्हणजे लांबी रुंदीच्या दुप्पट. आमच्या गोंदिया जिल्ह्यात घराघरात धान, त्यामुळे दाण्याची लांबी-रुंदी बघणारे मिलवाले पुष्कळ. सरांचं तसं नव्हतं. सर गोंदियाच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि त्यांचं उभं आयुष्य गेलं ते अणूच्या पोटातल्या केंद्रकाचे आकार शोधण्यात. पुस्तकात केंद्रक म्हणून एक गोल ठिपका काढलेला असतो. प्रत्यक्षात काही केंद्रकं जोरात फिरायला लागली की ताणली जातात, इतकी की लांबी रुंदीच्या दुप्पट होते. थेट आपला जाडा तांदूळ. मग ती तशीच ताणलेली, गरगर फिरत, हळूहळू मंदावत जातात आणि मंदावताना टप्प्याटप्प्याला एकेक गॅमा किरण बाहेर टाकतात. जगात फार थोड्या लोकांना याची पडलेली असते. त्यातले एक रोज गोरेगावहून एसटीनं गोंदियाला यायचे आणि माझी पीएचडी त्यांच्या हातात होती.

हे आधीच सांगून ठेवते, कारण सरांबद्दल मी बोलायला लागले की लोक कानावर हात ठेवतात. बाई, आपल्या गाईडबद्दल असं बोलतात का? बोलतात. तुमचा प्रबंध कोणी अडवून धरला असता तर तुम्हीही बोलला असता.

मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की घरी बसा. कायम जागा निघणार असं ऐकून होते. तिला पीएचडी लागणार होती, आणि अशी जागा आमच्याकडे कितीदा निघते हे मला नका विचारू. माझ्या गावी, सौंदडला, आमच्या बाबांनी तर माझ्या नावामागे ‘डॉ.’ घालून दाराची पाटीसुद्धा रंगवून आणली होती. प्रबंध अजून छापलाही नव्हता. मी म्हटलं, बाबा, घाई काय आहे? बाबा म्हणाले, ‘रंग वाळू दे तवर.’ पाटी कपाटावर वाळत पडली होती आणि मी घरी गेले की आधी माझी नजर तिच्याकडेच जायची.

माणसांनाही सर आकारावरूनच ओळखायचे. आमचे विभागप्रमुख म्हणजे गोड माणूस, सगळ्यांशी हसून बोलणार, सगळ्यांना ‘हाँ हाँ, बिलकुल’ म्हणणार. सर म्हणायचे, ‘हा माणूस गोल आहे. गोल केंद्रक फिरलं तरी फिरलं असं दिसतच नाही, कारण इकडून पाहा का तिकडून पाहा, ते सारखंच. याचं तसंच आहे. जरासं वाकडं असाले पाह्यजे माणसानं.’ हे ते विभागप्रमुखांच्या समोर, त्यांच्याच टेबलावरचा चहा पिता पिता म्हणायचे. विभागप्रमुख हसायचे. त्यांना वाटायचं कौतुक चाललंय.

आता भांडण कशावरून झालं ते सांगायचं तर मला जिना समजावून सांगावा लागेल. घाबरू नका, सोपा आहे.

जिना हा सरांचा शब्द. केंद्रक मंदावतं म्हणजे जिना उतरतं. एक पायरी उतरलं की एक किरण सोडतं, आणि आमच्या कागदावर त्या किरणाची एक ओळ उमटते. ओळींमधलं अंतर बघितलं की पायऱ्यांमधलं अंतर कळतं. अडचण एवढीच की ही ताणलेली केंद्रकं जिना पूर्ण उतरत नाहीत. खालच्या काही पायऱ्या उरलेल्या असताना ती मधूनच उडी मारून दिसेनाशी होतात. वरच्या पायऱ्या दिसतात, तळ दिसत नाही. मग आपण पाहतोय ती पायरी जमिनीपासून कितवी हे सांगायचं कसं? दिसणाऱ्या पायऱ्यांचं अंतर धरायचं आणि त्या हिशेबानं न दिसणाऱ्या पायऱ्या मोजत खाली जायचं. जो आकडा येईल त्याला आम्ही स्पिन म्हणतो. सरांनी तरुणपणी एका केंद्रकाच्या जिन्याचा असा आकडा काढला होता आणि तो परदेशातल्या तक्त्यात छापून आला होता. गोंदियाच्या कॉलेजातून काढलेला आकडा! कॉलेजात कोणीही पाहुणा आला की विभागप्रमुख सरांची ओळख त्या आकड्यानंच करून द्यायचे. सर त्या वेळी खिडकीबाहेर बघायचे, पण बरं वाटायचं त्यांना. मला दिसायचं ते.

आणि हे मोजणं त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं होतं की बसमध्येसुद्धा ते तेच करायचे. गोंदियाहून बस निघाली की डोळे मिटायचे. झोपायचे नाहीत. बस कुठे वळली, कुठे थांबली, दोन थांब्यांमध्ये किती वेळ गेला, एवढ्यावरून गाव ओळखायचे. मी विचारलं, सर, खिडकी आहे ना? म्हणाले, ‘केंद्रकाले खिडकी असते का?’ मी सौंदडला जायची, त्यांचं गोरेगाव वाटेत, म्हणून पुष्कळदा एकाच बसमध्ये असायचो आम्ही. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर यायचं. एकदा भर मे महिन्यात, दुपारी, गोरेगावच्या अलीकडच्या फाट्यावर कोणीतरी उतरायला बस थांबली आणि सर उठले. ‘आलं.’ मी ओरडले, कंडक्टर ओरडला, मागून एक आजी ओरडली, ‘अरे गुरुजी, तं फाटा व्हय!’ सरांनी डोळे उघडले, बाहेर फाटा बघितला, आणि तरीही उतरले. माझ्या देखत उतरले. डोक्याला रुमाल बांधून त्या उन्हात चालायला लागले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले तेव्हा नाक सोललेलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘थांबा बरोबर होता. ड्रायव्हर हळू चालवून राहिला होता.’

तर असा माणूस. आणि माझा आकडा त्यांच्या आकड्यापेक्षा दोनानं जास्त येत होता. त्याच केंद्रकाचा, त्याच जिन्याचा.

कारण साधं होतं. सरांच्या मोजणीत सगळ्यात खालची एक ओळ होती, ती मी धरली नव्हती. ती धरली की तळाशी अंतर जरा मोठं पडतं, आणि मोठ्या पावलांनी मोजत गेलं की पायऱ्या कमी भरतात. सोडली की दोन वाढतात. बास. पण ती ओळ का सोडली हे सरांना पटवून देता येईना, आणि सरांनी सही अडवली.

त्यांच्या घरी ओसरीवर बसून आम्ही भांडायचो. काकू, म्हणजे सरांच्या बायको, आत स्वयंपाक करता करता सगळं ऐकायच्या.

‘खालची ओळ काऊन सोडली?’

‘सर, ती बाकीच्यांसोबत बसत नाही. त्रास देते.’

‘त्रास देते म्हणून सोडाची? मंग तुह्या काकूनं मले कवाच सोडलं असतं.’

आतून काकू म्हणाल्या, ‘सोडनारच होती. पर असे तांदूळ निवडाले मानूस भेटला नसता.’

मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या प्रबंधाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘कारण आण. कारण नाही तं सही नाही.’ असं महिनोन्‌महिने चाललं. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली. मी घरी जेवत नव्हते, झोपत नव्हते, वर्गात पोरांवर उगाच खेकसत होते. विभागप्रमुखांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘अरे मॅडम, दो का ही तो फर्क है. सर का नंबर लिख दो, डिग्री लो, घर जाओ.’ गोल माणूस!

गंमत म्हणजे कारण माझ्याजवळ होतं. उन्हाळ्यापासून होतं.

त्या केंद्रकाच्या शेजारी, एक कण कमी असलेलं, दुसरं केंद्रक आहे. प्रयोगात दोन्ही एकत्रच तयार होतात. आणि दोघांचे जिने जुळ्या भावांसारखे आहेत, पायरीला पायरी लागून. फक्त शेजाऱ्याचा जिना आपल्यापेक्षा एक पायरी जास्त खाली उतरतो. ती जी खालची ओळ सरांनी पहिली पायरी म्हणून धरली होती, ती आपल्या केंद्रकाची नव्हतीच. शेजाऱ्याची होती. ही चूक कोणाही येरागबाळ्याकडून होत नाही. दोन जिने जुळे असू शकतात हे ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा ओळीवर ओळ जवळजवळ तंतोतंत जुळताना पाहून ज्याला आनंद झाला, त्याच्याकडूनच ती होते. मी एका प्रयोगशाळेतून जुनी मोजणी मागवली होती. तिच्यात ते उघड दिसत होतं.

आणि मी ते सरांना सांगितलं नव्हतं.

कसं सांगणार? सर निवृत्त होणार होते. त्यांचं घर, त्यांची पगारवाढ, त्यांचा मान, यातलं काही त्या आकड्यावर उभं नव्हतं, पण ते स्वतः उभे होते ना त्याच्यावर! मी प्रबंधात एक गुळगुळीत वाक्य घातलं, की निवडलेल्या ओळी वेगळ्या असल्यामुळे आकड्यात फरक पडतो. झालं. कोणाचं नाव नाही, कोणाची चूक नाही. मला आजही वाटतं की त्यात काही पाप नव्हतं. माझी आई मला हेच शिकवत आली, की मोठ्या माणसाच्या ताटातला खडा सगळ्यांदेखत काढू नये.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरांनी सही केली. पेन एवढं दाबलं की खालच्या पानावर उठलं. मग मान वर करून म्हणाले, ‘सही केली म्हंजे मानलं असं समजू नोको. भर सभेत इचारीन.’

त्या दिवसापासून तोंडी परीक्षेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही म्हणाल, विचारलं तर विचारलं, उत्तर द्यायचं. पण उत्तर दिलं तर सर पडत होते आणि नाही दिलं तर मी पडत होते. आणि विभागप्रमुखांनी काय करावं? खर्च वाचावा म्हणून सरांच्या निवृत्तीचा सत्कारही त्याच दिवशी, त्याच सभागृहात ठेवला. एकच बॅनर. वर सरांचा फोटो, खाली बारीक अक्षरात माझी तोंडी परीक्षा. टेबलावर शाल, नारळ आणि झाकून ठेवलेले समोसे.

बाहेरून आलेले परीक्षक सभ्य गृहस्थ होते. आल्याआल्या सरांच्या पाया पडले आणि म्हणाले, ‘सर, तुमच्या आकड्यावर तर मी माझा प्रबंध लिहिला.’ सरांची जागा त्यांच्या शेजारी होती. सर तिथे बसले नाहीत. उठले आणि मागे जाऊन शेवटच्या रांगेत, माझ्या आईबाबांच्या शेजारी बसले. ‘जयभीम भाऊ,’ ते बाबांना म्हणाले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘आज मी गाईड नाही.’

मी बोलले. चांगलं बोलले असावे, कारण परीक्षक मान हलवत होते. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. समोशांचा वास यायला लागला. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मागून आवाज आला.

‘खालची ओळ काऊन सोडली?’

मी म्हटलं, ‘सर, निवडलेल्या ओळी वेगळ्या असल्यामुळे...’

‘ते वाचलं मी. मी इचारून राहिलो, काऊन सोडली?’

विभागप्रमुख मला हातानं खुणावत होते, जाऊ दे, हो म्हण, संपव. परीक्षकांनी चष्मा काढला. फार मऊ आवाजात म्हणाले, ‘मॅडम, प्रश्न बरोबर आहे. कारण नसेल तर ही ओळ तुम्ही मनानंच वगळली असं होईल. मग हा आकडा उभा राहत नाही.’ आकडा उभा राहत नाही म्हणजे प्रबंध उभा राहत नाही. मी बाबांकडे बघितलं. पांढरा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून ते ताठ बसले होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण मी अडकले आहे एवढं कळलं होतं. त्यांच्या शेजारी सर, चष्मा कपाळावर, नजर माझ्यावर.

मला इतका राग आला त्या माणसाचा! मी ज्याला झाकत होते तोच उघडायला सांगत होता.

‘ती ओळ तुमच्या केंद्रकाची नाही, सर,’ मी म्हटलं. ‘शेजाऱ्याची आहे.’

मी प्रबंधात नसलेली दोन चित्रं शेजारी शेजारी पडद्यावर आणली. आमच्या घरी गाई होत्या, मला जे सुचलं ते मी बोलले. म्हटलं, चरायला गेलेल्या दोन गाई एकसारख्या दिसत असल्या आणि वासरू कोणाचं ते कळत नसलं, तर गाई वेगवेगळ्या वाटेनं हाकलायच्या. वासरू जिच्यामागे जाईल तिचं. इथे प्रयोगात कणांचा मारा अधिक जोराचा केला की आपल्या केंद्रकाच्या ओळी फिक्या होतात आणि शेजाऱ्याच्या ठळक होतात. ही खालची ओळ बघा. ठळक झाली. ती शेजाऱ्याच्या मागे गेली.

सर उठले. रांगेतून बाहेर येताना त्यांचा पाय कोणाच्या तरी पिशवीत अडकला, ती त्यांनी तशीच फरफटत आणली. पडद्याजवळ गेले, इतके जवळ की त्यांच्या डोक्याची सावली बरोबर त्या ओळीवर पडली. मग बाजूला होऊन पाहिलं. एकदा हे चित्र, एकदा ते. किती वेळ पाहत होते देव जाणे.

‘हे कुठून आणलं?’

‘जुनी मोजणी आहे सर. मागवून घेतली.’

‘कवापासून आहे तुह्याजवळ?’

‘उन्हाळ्यापासून.’

‘मंग घरी जेवाले बसत होती तवा काऊन नाही सांगितलं?’

‘तुम्ही रिटायर होऊन राहिले ना सर...’

‘रिटायर होऊन राहिलो,’ सर म्हणाले, ‘मरून नाही राहिलो.’

मग ते परीक्षकांकडे वळले. मला वाटलं, आता म्हणतील, पोरगी बरोबर आहे. म्हणालेही. ‘हिचं बरोबर आहे. माहं चुकलं.’ एवढं स्वच्छ म्हणाले की मला रडू आलं. पण पुढचं वाक्य ऐकून ते जागच्या जागी आटलं. ‘पण हे प्रबंधात नाही. परत पाठवा.’

परीक्षक गडबडले. ‘सर, छोटी गोष्ट आहे. आज आपण मान्य करू, नंतर एक पान...’

‘छोटी? तुम्ही माह्याच आकड्यावर डॉक्टर झाले ना? मंग तुम्हाले तं राग याले पाह्यजे.’

विभागप्रमुख शाल उलगडत पुढे आले. ‘सर, पहले सत्कार कर लेते हैं...’ सरांनी ती शाल त्यांच्याच हातात परत घडी घालून दिली.

मागे बाबा उभे राहिले. आयुष्यात कधी सभेत बोललेले नाहीत ते. म्हणाले, ‘सर, पोरीची मुलाखत आहे पुढं. कायमच्या जागेची.’

‘ठाऊक आहे भाऊ,’ सर म्हणाले. ‘पण अर्धं झाकून डॉक्टर झाली, तं ते पाटी लावसान का तुम्ही दारावर?’ पाटीचं मीच त्यांना कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

बाबांनी क्षणभर विचार केला. ‘लावीन,’ म्हणाले. ‘मी लावीन, सर.’

बाबा खोटं बोलत नाहीत. सरांनी डोळे पुसले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पण मागे हटले नाहीत. परीक्षकांनी दुरुस्तीचा शेरा लिहिला. समोसे थंड झाले होते, तरी लोकांनी खाल्ले.

ते पान मी सरांच्या ओसरीवर बसून लिहिलं. तिथेही भांडण! मी लिहिलं, आधीच्या आकड्यात ‘तफावत’ आहे. त्यांनी ते खोडून ‘चूक’ केलं. मी त्यांचं नाव घातलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण घातलं, आडनावासकट. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. दुरुस्ती गेली, तपासली गेली, तिला जो वेळ लागतो तो लागला. मधल्या काळात मुलाखती झाल्या आणि जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. डिग्री आली तेव्हा बाबांनी पाटी दाराला ठोकली, पण मुकाट्यानं ठोकली, शेजाऱ्यांना पेढे वाटले नाहीत.

सरांचं बरोबर होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळण्यानं राग जातो थोडाच? त्यांना कोणतं भाडं भरायचं होतं? त्यांना पेन्शन होती, ओसरी होती, तांदूळ निवडायला अख्खा दिवस होता. त्यांचा स्वच्छपणा माझ्या खिशातून गेला. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. काकूंचा फोन यायचा, मी दोन शब्द बोलून ठेवायची. पुढे दुसरी जाहिरात निघाली आणि मी कायम झाले, पण ते नंतरचं. मी सांगतेय त्या, म्हणजे डिग्री आल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तासिकेवरच होते, आणि पुढे काही निघेल असं मला स्वप्नातही वाटत नव्हतं.

तर त्या उन्हाळ्यात एका दुपारी गोंदियाच्या स्टँडवरून बस धरली. आत चढले आणि बघते तर एकच जागा रिकामी, आणि तिच्या शेजारी सर. मांडीवर कापडी पिशवी, डोळे मिटलेले. मी उभी राहणार होते, पण कंडक्टर म्हणाला, ‘मॅडम, बैठो ना, जगा है,’ आणि सरांनी डोळे उघडले. मला बघितलं. पिशवी खिडकीकडे सरकवली. मी बसले.

गोंदिया मागे पडलं. मग ते म्हणाले, ‘मुलाखत?’

‘जागा निघाली तर,’ मी म्हटलं.

‘हं.’ मग म्हणाले, ‘तक्तेवाल्याईले लिहिलं होतं मी. आता तिथं तुहा आकडा आहे. माहा काढला त्याईनं. कळवलं का तुले?’

मला कोणी कळवलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. मला माझा चेहरा त्यांना दाखवायचा नव्हता, म्हणून मी पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत बसले. सरांनी पुन्हा डोळे मिटले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. म्हणजे मोजत होते. एवढं सगळं होऊन हा माणूस अजून मोजतोय! मला हसावं की रडावं कळेना.

बाहेर ऊन असं होतं की खिडकीच्या सळईला हात लावला तर भाजावा. बस एका ठिकाणी थांबली. एक बाई पोतं उतरवू लागली. सर उठले.

‘आलं,’ म्हणाले.

तोच फाटा होता. गोरेगाव अजून पुढे होतं. मी सांगितलं नाही तर ते उतरणार होते, आणि सांगितलं तरी उतरणार होते, हे मी एकदा पाहिलेलं होतं. खरं सांगते, माझ्या मनात आलं की उतरू दे. चालू दे उन्हात. सोलू दे नाक. माझी जागा गेली तेव्हा यांना कुठे ऊन लागलं होतं? कंडक्टरनं दोरीला हात घातला. सर माझ्या गुडघ्यांना ओलांडून जायला लागले.

‘हे नाही, सर,’ मी म्हटलं. ‘अजून एक आहे.’

सर थांबले. माझ्याकडे बघत राहिले. बाहेर बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले. मग पिशवी पोटाशी धरून मागे सरकले आणि परत जागेवर बसले.

‘आलं का सांगजो,’ म्हणाले, आणि डोळे मिटले.

ओठ मात्र हलत नव्हते. मी गोरेगाव येईपर्यंत बाहेर बघत बसले, आणि गोरेगाव आल्यावर त्यांना सांगितलं.